आमच्या गावाचा इतिहास कुठे लिहिलाय?

शाळेत 'माझे गाव' हा निबंध लिहायचा असला किंवा ग्रामपंचायतीला स्मरणिका काढायची असली, की एक प्रश्न हमखास निघतो : आपलं गाव किती जुनं, आणि त्याचा इतिहास कुठे लिहिलाय? कुणीतरी गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवतं. कुणी म्हणतं, "गॅझेटिअरमध्ये असेल." गॅझेटिअर म्हणजे इंग्रज सरकारने जिल्ह्याजिल्ह्याची माहिती गोळा करून छापलेले जाडजूड ग्रंथ. मुंबई इलाख्याचे बहुतेक खंड जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाले. ते उघडले की तालुक्याची गावं, बाजारपेठा, किल्ले आणि लेणी भेटतात. आपली वाडी मात्र बहुधा भेटत नाही.

म्हणून गावाला इतिहासच नाही असं समजायचं कारण नाही. तो वेशीजवळच्या दगडात असतो, पालखीच्या मानात असतो, तलाठ्याच्या दप्तरात असतो आणि जात्यावरच्या ओवीतही असतो. या जागा एकेक करून पाहू. त्याआधी सगळीकडे लागू पडणारा एक नियम समजून घेऊ.

१. जे कामाचं, ते टिकतं

गावाने इतिहास जपला तो इतिहासाच्या आवडीपायी नव्हे. कुणाचं तरी काम त्यावाचून अडत होतं, म्हणून तो जपला गेला. जमिनीचा तंटा लागला की जुना कागद लागे. सोयरीक जमवताना कुळाची माहिती लागे. पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून वाद झाला की आजोबांच्या वेळी काय होतं ते सांगणारा माणूस लागे.

घरच्या बियाण्याचं असंच असतं. दरवर्षी पेरलं तर ते पिढ्यान् पिढ्या चालतं. कणगीत नुसतं ठेवून दिलं तर काही वर्षांनी उगवतच नाही. गावाची आठवणही वापरात असते तोवर जिवंत राहते.

यातून कुठल्याही जुन्या गोष्टीला विचारायचे दोन प्रश्न मिळतात. ही कुणी जपली? आणि त्याला तिचं काय काम होतं? ज्याने जपली त्याने आपल्या कामापुरतीच जपलेली असते, हे ध्यानात ठेवलं म्हणजे तिच्यात काय सापडेल आणि काय सापडणार नाही, दोन्ही कळतं.

२. दगड : वेशीजवळचे वीर

महाराष्ट्रात असंख्य गावांत मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळापाशी कोरीव दगड उभे दिसतात. त्यांवर लढणारी माणसं असतात. लोक त्यांना शेंदूर लावतात, नारळ फोडतात. हे वीरगळ, लढताना पडलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभे केलेले.

वीरगळ वाचायला लिपी यावी लागत नाही. बहुतेकांवर अक्षरं नसतातच. चित्रांचे तीन-चार कप्पे असतात आणि ते खालून वर वाचायचे. सर्वांत खाली लढाई किंवा पडलेला वीर. मधल्या कप्प्यात त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. वरच्या कप्प्यात तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. ते आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ.

गावाच्या दृष्टीने खालचा कप्पा मोलाचा. तिथे गाई कोरलेल्या असतील, तर गुरं पळवून नेणाऱ्यांशी झुंजताना हा माणूस पडला. घोडे, हत्ती असतील तर मोठं सैन्य आलं होतं. मुंबईत बोरिवलीजवळच्या एक्सर इथल्या वीरगळांवर चक्क वल्ह्यांची जहाजं आणि समुद्रावरची लढाई आहे. आज तिथे वस्तीचा गजबजाट आहे, पण दगड समुद्राशी असलेलं नातं सांगत उभे आहेत.

शेजारी कधीकधी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असतो. ती सतीशिळा. आणखी एक प्रकार म्हणजे गधेगळ. त्यावर गाढव आणि स्त्री यांचं ओंगळ चित्र असतं. गावाला किंवा देवाला दिलेलं दान जो मोडेल त्याच्यासाठी ती शिवी असते. वाचता न येणाऱ्यालाही धमकी कळावी, म्हणून ती चित्रातून दिलेली.

अलिबागजवळच्या आक्षी गावात असाच एक गधेगळ आहे आणि त्यावर मराठी मजकूर कोरलेला आहे. त्यावरचा शक ९३४ असा वाचला गेला आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो : ९३४ + ७८ = १०१२. एवढा हिशेब कुणालाही जमतो. एक बारकावा मात्र आहे. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे पौष-माघ-फाल्गुनातली तारीख असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात.

३. मान : न लिहिलेलं दप्तर

यात्रेच्या दिवशी गावात सर्वांत जास्त वाद कशावरून होतात? मानावरून. पहिला नारळ कुणाचा, पालखीचा खांदा कुणाचा, निशाण कुणी धरायचं, ढोल कुणी वाजवायचा. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटतो. पण हा क्रम म्हणजे गावाच्या वसाहतीची याददाश्त असू शकते. कोणतं घराणं आधी आलं, कुणाला पाटीलकी होती, कोणती वाडी नंतर जोडली गेली, देव कुठून आणला, याच्या खुणा त्यात राहिलेल्या असतात. पालखी एखाद्या ओसाड टेकाडावर जाऊन थांबत असेल, तर तिथे कधीकाळी वस्ती होती का, हे विचारून पाहावं.

अशा टेकाडाला 'पांढरी' म्हणतात. आपल्याकडे शेतजमीन ती काळी आणि गाव वसतं ती पांढरी. शेकडो वर्षं माणसं एका जागी राहिली की चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती साठून जमीन भुरी-पांढरी होते. शिरूर तालुक्यातल्या इनामगावची पांढरी डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून बरीच वर्षं खणली, तेव्हा तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं निघाली. हीच माती खत म्हणून शेतात टाकायला उत्तम, त्यामुळे कित्येक पांढऱ्या बैलगाडीने आणि पुढे ट्रॅक्टरने शेतात गेल्या.

काही गावांनी रिवाजातच आठवण बांधून ठेवली आहे. मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात ठरावीक वर्षांनी 'गावपळण' होते. देवाचा कौल घेतला जातो आणि सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जाऊन तीन दिवस झोपड्यांत राहतो. त्यामागच्या कथा वेगवेगळ्या सांगतात. मात्र गावाची शीव नेमकी कुठे आहे, हे गावपळणीत प्रत्येक पोराला पायांनी कळतं.

मानातून मिळणारी माहिती घेताना पहिल्या नियमाचा विसर पडू देऊ नये. मान ज्याच्याकडे आहे तो आपली बाजू सांगणार. ज्याचा मान गेला त्याच्या घरीही जाऊन विचारावं.

४. कागद : नांगराची सही

मराठेशाहीत गावचा तंटा गावच्या सभेपुढे चाले. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे लोक जमत, साक्षी होत आणि निवाड्याचा कागद होई. त्याला महजर म्हणतात. ज्यांना लिहिता येत नसे ते नावापुढे आपल्या धंद्याची खूण काढत : पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, सुताराचं हत्यार. एका महजरावरून त्या दिवशी गावात कोण कोण होतं याची हजेरीच मिळते.

या कागदांची दोन कुलपं आहेत. पहिलं मोडी लिपीचं. रोजच्या व्यवहाराची ही लिपी विसाव्या शतकात शाळा-कचेऱ्यांतून मागे पडली आणि नातवाला आजोबाचा कागद वाचता येईनासा झाला. ती सुटायला काही आठवड्यांचा वर्ग पुरतो. हात बसायला मात्र सराव लागतो.

दुसरं कुलूप तारखेचं. जुन्या कागदांत बऱ्याचदा शुहूर सन असतो आणि तो अरबी अंकशब्दांत, एककापासून उलटा लिहिलेला. समजा कागदावर 'अर्बा सबैन अलफ' असं आहे. अर्बा म्हणजे चार, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार. बेरीज १०७४. त्यात ५९९ मिळवायचे : १६७३. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुमारास सुरू होतं. म्हणून कागद जून १६७३ ते जून १६७४ या काळातला. शिवराज्याभिषेकाच्या आदल्या वर्षातला!

हे कागद घराघरांतून, वाड्यांच्या माळ्यांवरून गोळा करायला वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला. पुढे ती बावीस खंडांवर गेली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं ते त्यांच्याच पुढाकाराने. वतनाचा, म्हणजे पिढीजात हक्काचा, तंटा संपला, कागदाचं काम संपलं, आणि तो वाळवीच्या वाटेला लागला, अशी स्थिती होती. राजवाड्यांनी त्या कागदाला दुसरं काम दिलं.

इंग्रजी अंमलातले आणि नंतरचे कागद याहून सोपे. शाळेचं जनरल रजिस्टर, तलाठ्याकडचे फेरफार, जन्ममृत्यूची नोंद असलेला गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. एखाद्या गावचं १९१८ सालचं कोतवाल बुक टिकून असेल, तर पावसाळ्याअखेरच्या पानांवर मृत्यूच्या नोंदी एकाएकी दाटलेल्या दिसतील. तो जगभर आलेला इन्फ्लुएन्झा. आपल्याकडे लोक त्याला मानमोडी म्हणत.

जुनं दप्तर निरुपयोगी वाटत असेल तर २०२३ साल आठवावं. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसिलातल्या कपाटांतून मोडी आणि उर्दू दप्तरं बाहेर आली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. काम पडलं, की कागद जागा होतो.

५. आवाज : हेळवी आणि ओवी

कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात हेळवी येतात. ते पिढीजात वंशावळ सांगणारे. पूर्वी बैलावर बसून येत. ठरलेल्या घरांपुढे उभं राहून त्या कुळाचं मूळ गाव, कोण कुठून उठून आला, कुणाला किती मुलगे, हे म्हणून दाखवत आणि बदल्यात धान्य किंवा पैसे घेत. पुढे त्यांनी वह्या केल्या. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडेही अशा वह्या असतात. त्यांना नामावळी म्हणतात. आपलं आडनाव आणि मूळ गाव सांगितलं, की पणजोबा कुठल्या साली कुणाबरोबर येऊन गेले ते निघतं, कधी त्यांच्या सहीसकट. या नोंदी दक्षिणेवर चालत आल्या, म्हणून टिकल्या.

हेळव्याच्या वंशावळीत आणि पाटलाच्या महजरात बायका जवळजवळ नसतात. त्यांचं दप्तर जात्यावर होतं. पहाटे दळताना म्हटलेल्या ओव्यांमध्ये माहेर, भाऊ, सासुरवास, दुष्काळ, पंढरीची वाट, गावात आलेली पहिली एसटी असं सगळं येतं. गिरण्या आल्या आणि जातं थांबलं, तेव्हा ओवीचं कामही थांबलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी पुण्याहून काम करताना हे ओळखलं. गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या साथीने एक हजारावर गावांतून एक लाखावर ओव्या त्यांनी जमवल्या. त्या आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकायला मिळतात. माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी डॉ. आंबेडकरांवर म्हटलेल्या ओव्याही त्यात आहेत. बाबासाहेब खेड्यातल्या घरात कसे पोचले, हे त्या ओव्यांइतकं जवळून सरकारी कागद सांगत नाही.

६. आठवणीतून साल कसं काढायचं

म्हाताऱ्या माणसाला "कोणत्या साली?" असं विचारलं की संवाद तिथेच थांबतो. "त्या वेळी आणखी काय झालं होतं?" असं विचारावं. गावाची दिनदर्शिका घटनांची असते. काही खुंट्या पक्क्या आहेत : गांधीवध (जानेवारी १९४८), पानशेतचं धरण फुटलं (१२ जुलै १९६१), कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), मोठा दुष्काळ (१९७२-७३), किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३).

आता एक उदाहरण सोडवू. समजा, पाटण तालुक्यातली एक आजी सांगते, "मिलो खाल्ला त्या साली आमची विहीर झाली. कोयनेच्या भूकंपाला थोरला पाळण्यात होता, विहीर झाली तेव्हा नुकता शाळेला लागला होता."

पहिली पायरी : मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर आलेली परदेशी तांबडी ज्वारी. म्हणून विहीर १९७२-७३ ची.

दुसरी पायरी : थोरला डिसेंबर १९६७ ला पाळण्यात, म्हणजे जन्म त्याच वर्षाचा धरू. १९७३ मध्ये तो सहा वर्षांचा. 'नुकता शाळेला लागला' हे जुळतं.

तिसरी पायरी : कागद पाहू. शाळेच्या रजिस्टरात थोरल्याची जन्मतारीख १ जून १९६७ निघाली, तर जपून. त्या काळी तारीख माहीत नसलेल्या असंख्य मुलांच्या नावापुढे मास्तरांनी १ जून लिहिली, कारण शाळा जूनमध्ये भरे. दाखल केल्याचं वर्ष मात्र भरवशाचं. त्यानंतर सातबारा पाहायचा. विहिरीसाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, घेतली असेल तर 'इतर हक्कां'त तिचा बोजा आणि फेरफाराचा क्रमांक असतो. फेरफारावर तारीख असते.

आजी, रजिस्टर आणि सातबारा यांचा एकमेकांशी संबंध नाही. तिघं एकाच वर्षाकडे बोट दाखवत असतील तर ते साल निःशंक लिहावं. दोघंच जुळले तर 'सुमारे' लिहावं. एकट्याच्या भरवशावर लिहायचं झालं, तर सांगणाऱ्याचं नाव सोबत लिहावं.

७. कोण सुटलं?

गावची शीव कुठून कुठे जाते, हे जुन्या गावगाड्यात सर्वांत नेमकं महाराला माहीत असे. शिवेचा तंटा लागला की त्याची साक्ष वजनदार मानली जाई. तो चालेल ती हद्द. मात्र ज्याच्या साक्षीवर गावाचा नकाशा ठरे, त्याच्या घराची कहाणी गावाच्या कागदात क्वचितच सापडते. वतनाच्या कागदाला तिचं काम नव्हतं. १९१५ मध्ये आलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या पुस्तकात बलुत्यांच्या हक्क-कामांची बारीक माहिती आहे. तीही एका अधिकाऱ्याच्या नजरेने टिपलेली, हे वाचताना विसरून चालत नाही.

म्हणून एकाच पारावर बसून गावाचा इतिहास लिहिता येत नाही. पाटीलवाडा, बौद्धवस्ती, मुसलमान आळी, धनगरवाडा, ऊसतोडीला जाणारी घरं, लेकी-सुना, सगळीकडे जावं लागतं. एकाच घटनेच्या दोन गोष्टी मिळाल्या, तर त्यातली 'खरी' निवडायची घाई करू नये. दोन्ही लिहाव्यात. गावात त्या घटनेची दोन स्मरणं आहेत, हीसुद्धा गावाच्या इतिहासातली गोष्टच.

८. वाटलं की राहतं

मराठवाड्यातलं तेर हे संत गोरा कुंभारांचं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी ते 'तगर' नावाने रोमच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. तिथल्या पांढरीत मणी, नाणी, भाजक्या मातीच्या बाहुल्या सापडत. गावातले रामलिंगप्पा लामतुरे या वस्तू वर्षानुवर्षं जमवत राहिले आणि त्यांनी तो संग्रह सरकारला दिला. आज तेरमध्ये त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. वस्तू पुण्या-मुंबईला न जाता गावातच राहिल्या, हे मोठं.

उलट टोक उजनीच्या पाण्यात दिसतं. धरणात इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव गेलं. पाणी फार ओसरलं की तिथलं दगडी देऊळ उघडं पडतं आणि लोक ते पाहायला जातात. देऊळ दगडाचं, म्हणून राहिलं. गल्ल्या, शेतांची नावं, पाणवठे मात्र ज्यांच्या पायांना ठाऊक होते त्यांच्याबरोबरच जाणार.

हे आपल्या गावात होऊ नये असं वाटत असेल, तर सुरुवात साधी आहे.

• दोन-तीन वडीलधाऱ्यांना घेऊन शिवारफेरी करा आणि प्रत्येक शेताचं, ओढ्याचं, पांदीचं नाव गावनकाशाच्या प्रतीवर लिहा. सातबाऱ्यावर गट नंबर असतो. शेताचं लोकांच्या तोंडचं नाव बहुधा नसतं.

• वीरगळांचे फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढा, कोरीव काम उठून दिसतं. दगड हलवू नका, ऑइलपेंट लावू नका.

• जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. आधी फोटो काढा, मूळ कागद ज्याचा त्याला परत द्या.

• मुलाखत मोबाइलवर घ्या. सुरुवातीलाच सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख बोलून घ्या आणि त्याची परवानगी विचारा. कुणाचं घरगुती दुखणं किंवा जातीवरून हिणवणारी हकिकत गावभर करायची नसते.

• हे सगळं एका वहीत उतरवा आणि तिच्या प्रती शाळा, ग्रामपंचायत आणि वाचनालय अशा तीन ठिकाणी ठेवा. एक जळाली, एक भिजली, तरी एक राहते.

सगळ्यात शेवटी ही वही यात्रेच्या किंवा सप्ताहाच्या दिवसांत, लेकी माहेरी आणि चाकरमानी गावी आलेले असताना, मोठ्याने वाचून दाखवा. पहिल्याच पानाला कुणीतरी उठून म्हणेल, "हे चूक आहे, आमच्या आळीचं यात कुठाय?" त्याला बसवू नका. त्याचं म्हणणं लिहून घ्या. त्यासाठी वहीची उजवी पानं पहिल्यापासून कोरी सोडलेली बरी. गावाला ती वही वाद घालण्यासाठी लागू लागली, की ती जपायला वेगळी माणसं नेमावी लागणार नाहीत.